स्वयंपाक येतो का, या प्रश्नाला घाम का फुटतो

१९९३ साली जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठातल्या संशोधकांनी माणसाला हमखास टेन्शन यावं अशी एक टेस्ट तयार केली. अनोळखी लोकांसमोर उभं राहायचं, पाच मिनिटं स्वतःबद्दल बोलायचं, मग पाच मिनिटं १०२२ मधून १३-१३ वजा करत जायचं, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. समोरचे हसत नाहीत, मान हलवत नाहीत, नुसते बघत बसतात. बहुतेकांचं कॉर्टिसॉल म्हणजे स्ट्रेसचं हार्मोन चढतंच. पुढे २००४ मध्ये अशा २०८ अभ्यासांचा आढावा घेतला तेव्हा दिसलं की सगळ्यात जास्त ते कधी चढतं, तर लोक आपल्याला जोखतायत आणि परिस्थिती आपल्या हातात नाही, हे दोन्ही एकदम असतं तेव्हा.

आता अपंगत्व भत्त्याचं असेसमेंट बघा, म्हणजे भत्ता द्यायचा की नाही हे ठरवायला असेसर रोजची कामं कितपत जमतात ते विचारतो ती मुलाखत. सेम टू सेम! फक्त इथे महिन्याचा खर्च पणाला लागलेला असतो.

मी ऑटिस्टिक आहे, आणि मला पहिल्याच वेळी विचारलं, स्वयंपाक येतो का. मी म्हटलं, हो. कारण येतो की. गॅसवर ठेवलेलं पातेलं विसरून दोनदा जळालं, वास आणि आवाज एकदम आले की मी किचनमधून बाहेर पडतो आणि मग त्या दिवशी जेवतच नाही, हे कोणी विचारलं नव्हतं म्हणून मी सांगितलं नाही. घरी आल्यावर रात्री दोनला सगळं आठवलं.

हा नुसता वेंधळेपणा नाही. ऑटिस्टिक लोकांना मोघम प्रश्नावरून नेमके प्रसंग आठवायला जड जातं, पण प्रश्न नेमका असला किंवा आधार दिला तर बराच फरक पडतो, असं अभ्यासांत दिसलंय. त्यात साधारण निम्म्या ऑटिस्टिक लोकांना स्वतःची भावना ओळखून शब्दांत सांगणंच अवघड जातं (याला अलेक्सिथायमिया म्हणतात), मग "त्रास किती होतो" याला काय उत्तर देणार. वर मास्किंग! आयुष्यभर नॉर्मल दिसायची प्रॅक्टिस झालेली असते, अनोळखी माणूस समोर आला की ती आपोआप सुरू होते, आणि पुढचे दोन दिवस बोलणं बंद पडतं ते बघायला असेसर काही घरी येत नाही.

आणि तारीख यायच्या आधीचे आठवडे तर विचारूच नका. २०१६ मध्ये लंडनमधल्या एका प्रयोगात ४५ जणांना कॉम्प्युटरवर दगडाखाली साप आहे का ते ओळखायला लावलं, साप निघाला की हाताला शॉक. शॉक बसणारच हे पक्कं माहीत असतानापेक्षा बसेल की नाही फिफ्टी-फिफ्टी असताना लोक जास्त ताणाखाली होते. ऑटिझममध्ये ही अनिश्चितता सहन न होणं आणि अँग्झायटी यांचा घट्ट संबंध वारंवार दिसलाय. त्यामुळे "रिलॅक्स हो रे" म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, हळू श्वास घेऊन धडधड थोडी कमी होते हे खरं, पण साप आहे का नाही ते काही श्वासातून कळत नाही.

मला फायदा झाला तो अनिश्चितता कापल्याने. किती वेळ लागेल, कोण असेल, मध्ये थांबता येईल का, सोबत कोणी चालेल का, हे सगळं आधी लेखी विचारलं. सगळ्याची उत्तरं नाही आली, पण आली तेवढी कामाची होती. दुसरं म्हणजे महिनाभर वही ठेवली, वाईट दिवसांची. प्रत्येक कामापुढे चारच गोष्टी: आठवड्यातून किती वेळा जमलं, किती वेळ लागला, कोणी आठवण करून दिली, नंतर काय झालं. पुढच्या वेळी स्वयंपाकाचा प्रश्न आला तेव्हा मी वही उघडून वाचून दाखवलं, "सात दिवसांत दोनदा, दोन्ही वेळा बहीण बाजूला उभी होती." आवाज थरथरत होता, चालतंय. वाचून दाखवलेलं चालतं का हेही मी आधीच विचारून ठेवलं होतं.

असेसमेंटच्या दुसऱ्या दिवशी काहीच ठरवू नका, अगदी फोनसुद्धा.

मग निकालाची वाट, म्हणजे परत तोच साप. पाकीट मी उघडत नाही, बहीण उघडते आणि मला फक्त हो का नाही एवढंच सांगते, बाकीची पानं मी दुसऱ्या दिवशी सकाळी वाचतो.