मे महिन्याचं ऊन आणि जुलैत उलटणाऱ्या गाई

पाऊस लागतो, रान हिरवं होतं, गाई माजावर येऊ लागतात आणि काटोल-नरखेडपासून उमरेडपर्यंत एकच तक्रार ऐकू येते: गाय उलटली. वळू दाखवून तीन आठवडे होत नाहीत तोच ती पुन्हा माजावर. मग गाईची तपासणी, गाईला इंजेक्शन, गाईला क्षारमिश्रण. वळूकडे मात्र कुणी बघत नाही. एका गाईत दोष असेल तर एक वासरू जातं; वळूत असेल तर अख्ख्या कळपाचा हंगाम जातो. म्हणून तपासणी वळूपासून सुरू व्हावी, असं माझं ठाम मत आहे.

वळूच्या शरीराचं तापमान साधारण ३८.५ अंश सेल्सिअस असतं. शुक्रजंतू नीट घडायला त्याहून २ ते ६ अंश कमी लागतात, म्हणून वृषण पोटाबाहेर पिशवीत असतात. उन्हाळ्यात दुपारी ही पिशवी नीट बघा. ती सैल होऊन खाली उतरलेली असते आणि वरचा भाग मानेसारखा निमुळता दिसतो. हिवाळ्यात पहाटे तीच आखडून पोटाला चिकटते. त्या निमुळत्या भागात वृषणाकडे जाणारी रोहिणी वेटोळी घालते आणि परतणाऱ्या बारीक नीला तिच्याभोवती जाळं विणतात. परतणारं थंड रक्त येणाऱ्या रक्तातली उष्णता काढून घेतं.

आपली नागपूर-वर्ध्याकडची पांढरी गवळाऊ जात वशिंडवाल्या गुरांपैकी. या गुरांच्या वळूंमध्ये ती रोहिणी तुलनेने लांब, पातळ भिंतीची, आणि नीला तिला अगदी लगटून असतात. त्यामुळे ते ऊन जास्त सोसतात. होल्स्टीन किंवा जर्सीच्या संकरित वळूचं वीर्य त्यामानाने लवकर बिघडतं. पारा ४५ वर गेला आणि टिनाच्या कोठ्यात वारा खेळत नसेल, तर गवळाऊचाही निभाव लागत नाही.

खरी गफलत होते ती वेळेच्या हिशोबात. शुक्रजंतू घडायला सुमारे ६१ दिवस लागतात आणि पुढे पक्व व्हायला आठ-दहा दिवस. मेच्या मध्यावर उन्हाने भाजलेल्या शुक्रजंतूंचा परिणाम जुलैपर्यंत रेंगाळतो. तोवर पाऊस पडून हवा गार झालेली असते, वळू धडधाकट दिसतो, गाय दिसली की उडीही मारतो. पण उडी हे वळूच्या इच्छेचं लक्षण आहे. वीर्याची पारख त्यावरून होत नाही.

खुराकाचंही असंच. कौतुकाने चारून लठ्ठ केलेल्या वळूच्या पिशवीच्या मानेत चरबी साठते आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. आपल्या कापसाच्या मुलखात आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी, ती म्हणजे सरकी. सरकीत गॉसिपॉल नावाचं पिवळं द्रव्य असतं. कपाशी ते किडीपासून बचावासाठी तयार करते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात त्यातलं बरंचसं निष्प्रभ होतं, सगळं नाही. अमेरिकेत ब्राह्मण जातीच्या तरुण वळूंना (ही जात भारतातून नेलेल्या गुरांपासूनच तयार झाली) सरकीचा खुराक दिल्यावर शुक्रजंतूंच्या मधल्या भागात, म्हणजे शेपटीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, बिघाड आढळला. दुभत्या गाईला सरकीची ढेप बेताने द्या. पैदाशीच्या गोऱ्ह्याला आणि वळूला मात्र जवसाची किंवा सोयाबीनची ढेप बरी.

रोगांमध्ये सगळ्यात फसवे दोन: ट्रायकोमोनियासिस आणि कॅम्पिलोबॅक्टर. त्यांचे जंतू वळूच्या शिश्नावरच्या कातडीच्या घड्यांमध्ये राहतात. वळूला ताप नाही, सूज नाही, काही नाही. पण तो लावेल त्या गाईला लागण होते. ती उलटते किंवा गाभडते. वय वाढतं तशा या घड्या खोल होतात, म्हणून जुना वळू जास्त धोक्याचा. शेजारच्या गावचा वळू तपासणीशिवाय कळपात सोडू नये, तो याचसाठी. ब्रुसेला हा गाभ पाडणारा रोग तर कच्च्या दुधातून आणि गाभडलेल्या जनावराच्या वारेतून माणसालाही होतो. त्याची लस ४ ते ८ महिन्यांच्या कालवडींना देतात, वळूला देत नाहीत. म्हणून वळूचं रक्त तपासणं हाच मार्ग.

आणि कितीही गुणी असला तरी कळपात आल्यापासून तीन वर्षांच्या आसपास वळू बदलावाच. तोवर त्याच्याच कालवडी माजावर येऊ लागतात. बापलेकीच्या संकरातून अशक्त वासरं निपजतात आणि त्याचं खापर पुन्हा गाईवरच फुटतं.

तपासणीत पशुवैद्य खूर, डोळे, दात बघतात, टेपने पिशवीचा घेर मोजतात आणि वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. निदान ३० टक्के शुक्रजंतू सरळ पुढे पोहणारे आणि ७० टक्के सुघड आकाराचे हवेत. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. मृगाच्या तोंडावर वळू नापास झाला, तर लगेच बाजार दाखवू नका. त्याला सावली, गार पाणी आणि हिरवा चारा द्या, तोवर गाई कृत्रिम रेतनाने भरवा, आणि ७० दिवसांनी, शुक्रजंतूंची नवी खेप आल्यावर, पुन्हा तपासून घ्या.