मोहोळ उठतं ते वासावर

भिंग टेबलावरच होतं म्हणून बघता आलं. हाताच्या पाठीवर मधमाशी डसली, मी दचकून हात झटकला, माशी गेली आणि नांगी तिथेच राहिली. भिंगाखाली पाहिलं तर टाचणीच्या डोक्यापेक्षाही लहान, पांढुरकी पिशवी आणि ती चक्क धडधडत होती. मालकीण निघून गेली तरी मागे राहिलेला तुकडा इमानेइतबारे कामाला लागलेला. मी कौतुकानं बघत बसलो आणि तेवढ्यात जवळपास सगळं विष आत गेलं. शहाण्या माणसानं आधी नांगी काढली असती.

मधमाशीची नांगी म्हणजे मुळात अंडी घालण्याच्या नळीचं बदललेलं रूप. म्हणूनच ती फक्त माद्यांना असते, नर कधी डसत नाहीत. नांगीत दोन बारीक पाती असतात आणि त्यांना उलटे काटे असतात. पाती आळीपाळीनं पुढे सरकतात, करवतीसारखी, आणि काट्यांमुळे मागे येत नाहीत. माणसाच्या लवचीक कातडीत ती अशी रुततात की माशी उडताना तिच्या पोटाचा शेवटचा भाग तुटून मागे राहतो. विषाची पिशवी, ती दाबणारे स्नायू आणि त्या स्नायूंना हुकूम देणारी मज्जातंतूंची एक छोटी गाठ, सगळं एकत्र. मेंदूशिवाय धडधडणाऱ्या त्या पिशवीचं रहस्य हेच. माशी थोड्या वेळात मरते. कामकरी माशीला एरवीही स्वतःची पिल्लं नसतात. तिचा वंश चालतो तो राणीच्या पोटातून, त्यामुळे पोळं वाचलं की तिचा जीव सार्थकी लागला, असा निसर्गाचा रोकडा हिशेब.

पण त्या तुकड्याबरोबर आणखी एक गोष्ट मागे राहते आणि विषापेक्षा तीच जास्त घातक आहे. नांगीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथींतून एक वास सुटतो. त्यातलं मुख्य रसायन आयसोअमाईल ॲसिटेट. पिकलेल्या केळ्याला जो वास येतो तो बराचसा याचाच. माशांच्या भाषेत त्याचा अर्थ एवढाच: शत्रू इथे आहे, इथेच डसा. दुसरी माशी येते, त्याच जागेजवळ डसते, वास दुप्पट होतो. तिसरी, चौथी, दहावी. ‘मोहोळ उठलं’ असं आपण म्हणतो तेव्हा प्रत्यक्षात एका डंखाचा सांगावा वाऱ्यावर पसरलेला असतो.

हे माणसाला फार पूर्वी जाणवलं होतं. इंग्लंडमधल्या चार्ल्स बटलर या मधमाश्या पाळणाऱ्या धर्मगुरूनं १६०९ मध्ये लिहून ठेवलं आहे की एक माशी डसली की तो वास इतरांना ओढून आणतो. फ्रान्स्वा ह्यूबर या स्विस संशोधकाचं नाव तर आवर्जून घ्यावं असं. तो आंधळा होता. मदतनीस आणि घरचे लोक बघून सांगत आणि तो प्रयोग रचत असे. चिमट्यात धरलेली ताजी नांगी पोळ्याच्या तोंडाशी नेली की माश्या खवळतात, हे त्याच्या १८१४ च्या ग्रंथात आहे. त्या वासामागचं रसायन ओळखायला मात्र १९६२ साल उजाडलं.

एवढी गोष्ट नीट समजली की माश्यांच्या हल्ल्यात काय करायचं हे पाठ करावं लागत नाही. सांगावा सुटू द्यायचा नाही, आणि सुटलाच तर तो पोचतो त्या टापूतून बाहेर पडायचं.

लोकांचा गोंधळ होतो तो इथेच. एक जण सांगतो, माशी आली तर पुतळ्यासारखं उभं राहा. दुसरा सांगतो, धूम ठोक. दोघंही खरं बोलतात, फक्त वेगवेगळ्या क्षणांबद्दल. पोळ्याच्या राखणीवर असलेल्या माश्या बहुधा आधी इशारा देतात. एखादी डोक्याभोवती मोठ्यानं गुणगुणत घिरट्या घालते, कधी कपाळावर येऊन नुसती धडकते. अजून कोणी डसलेलं नाही, वास सुटलेला नाही. या वेळी हात हलवायचे नाहीत, माशीवर फुंकर मारायची नाही, आल्या वाटेनं सावकाश मागे फिरायचं. माशी चेंगरली तरी वास सुटतोच, त्यामुळे तिला टोपीनं मारणं म्हणजे स्वतःच्या हातानं भोंगा वाजवणं. पण एकदा डंख बसला आणि दोन-चार माश्या अंगाशी आल्या की पुतळा होण्यात काही अर्थ नाही. मग पळायचं.

पळायचं म्हणजे सरळ. नागमोडी पळून माशी चकत नाही, उलट अंतर कमी कापलं जातं. मधमाशी ताशी वीस-चोवीस किलोमीटर वेगानं उडते, म्हणजे बहुतेक माणसांपेक्षा वेगात. पण ही शर्यत वेगाची नाही, अंतराची आहे. तिला तुम्हाला गाठायचं नसतं, पोळ्यापासून लांब हाकलायचं असतं. शांत जातीच्या पाळीव माश्या थोड्या अंतरावरच पाठलाग सोडतात. तापट जातीच्या चारशे मीटर किंवा त्याहूनही जास्त येतात. पळताना सदरा वर ओढून तोंड झाकावं, डोळ्यांपुरती फट ठेवावी. पोटावर चार डंख जास्त बसले तरी चालतील. डोळा, ओठ आणि घसा वाचला पाहिजे. माश्या तोंडाकडेच येतात कारण श्वासातला कार्बन डायऑक्साइड त्यांना माग देतो, आणि केसाळ, गडद, हलणारी कुठलीही गोष्ट त्यांना शत्रूसारखी वाटते. मधाच्या मागे लागणारे बहुतेक प्राणी तसेच असतात.

जवळ घर किंवा गाडी असेल तर आत शिरून दार आणि काचा बंद. काही माश्या तुमच्याबरोबर आत येणारच. त्याला घाबरू नये. बंद जागेत त्या बहुधा उजेडाकडे, म्हणजे खिडकीच्या काचेकडे जातात. बाहेर शेकडो घेण्यापेक्षा आत दहा बऱ्या.

आणि पाणी? डोहात उडी मारून माश्यांना चकवणारा माणूस गोष्टींत शोभतो. प्रत्यक्षात माश्या पाण्यावर घिरट्या घालत थांबतात आणि श्वासासाठी डोकं वर आलं की नेमकं तेच गाठतात. त्यात पोहता येत नसेल तर बघायलाच नको.

सगळ्यात वाईट हाल होतात ते पळता न येणाऱ्यांचे: दावणीला बांधलेलं जनावर, साखळीतला कुत्रा, दोरावर लटकलेला गिर्यारोहक, झाडावर चढलेला माणूस, म्हातारी माणसं. त्यांना सोडवायला उघड्या अंगानं धावणारा दुसरा बळी ठरतो. जाड चादर किंवा ताडपत्री अंगावर घेऊनच जावं आणि तीच त्यांच्यावर टाकावी. काही ठिकाणचे अग्निशामक जवान साबणाचा फेस मारतात. साध्या पाण्यात माशी तग धरते, पण साबणाच्या पाण्यानं तिच्या अंगावरचा मेणासारखा थर भिजतो, श्वसनाची छिद्रं बंद होतात आणि ती लगेच पडते.

आता आग्या माशीबद्दल, कारण ‘आग्या मोहोळ’ हा शब्दच आपण रागाला उपमा म्हणून वापरतो. आशियात आढळणारी ही मधमाश्यांतल्या सगळ्यात दांडग्या जातींपैकी एक. ती पेटीत किंवा ढोलीत राहत नाही. उंच फांदीखाली, कड्याच्या कपारीत किंवा इमारतीच्या छज्जाखाली एकच मोठं पोळं उघड्यावर बांधते, कधी दीड मीटर रुंद. भिंती नाहीत, दार नाही, म्हणून माश्याच थरावर थर देऊन पोळ्याचा पडदा होतात. गांधीलमाशी जवळ आली की या पडद्यावरून एक लाट धावते. शेकडो माश्या एकापाठोपाठ एक पोट वर उचलतात आणि सेकंदाच्या आत सगळं पोळं झळाळून जातं. ही लाट बघून मोठ्या गांधीलमाश्या बिचकतात आणि शिकार सोडतात, हे २००८ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून नीट समोर आलं. लांबून दुर्बिणीतून हे जरूर बघा. माणसासाठीही ती लाट म्हणजे ‘दिसलास’ अशी पावतीच समजावी.

उघड्यावर राहणारी म्हणून ही जात जास्त संवेदनशील. दगड, फटाके, शेकोटीचा धूर, यंत्राची थरथर, कुठलंही निमित्त पुरतं. धुरानं माश्या शांत होतात हे खरं असलं तरी ते जाणत्याच्या हातात. थंड, मोजका धूर माशीच्या मिशांना (त्यांनीच ती वास घेते) तो केळ्याचा वास जाणवू देत नाही, म्हणजे सांगाव्याची तारच तोडतो. पोळ्याखाली पेटवलेला जाळ नेमकं उलट करतो. उत्साही लोकांना हा फरक कळतो तो पळताना.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. फांदीला अचानक माश्यांचा घोस लटकलेला दिसला तर तो हल्ल्याला आलेला नसतो. जुनी राणी अर्धीअधिक प्रजा घेऊन घर शोधायला निघालेली असते. पोटात मध भरलेला, राखायला ना पिल्लं ना पोळं, त्यामुळे भांडायचं कारणच नाही. हेर माश्यांनी जागा पसंत केली की काही तासांत, फार तर काही दिवसांत घोस आपोआप जातो. दगड न मारता वाट वाकडी करावी.

आता विष. कोरड्या विषाचं जवळपास निम्मं वजन मेलिटिन या एकाच पदार्थाचं असतं. पेशींच्या आवरणाला भोकं पाडणं हा त्याचा धंदा. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून काढलेला ढोबळ अंदाज असा की शरीराच्या दर किलोमागे सुमारे १९ डंख जीवघेणे ठरू शकतात. म्हणजे मोठ्या माणसाला हजाराहून जास्त, वीस किलोच्या मुलाला चारशेहूनही कमी. १९६२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आताच्या झिम्बाब्वेत, एका माणसाच्या अंगातून २,४४३ नांग्या काढल्या आणि तो जगला. उलट ज्याला विषाची तीव्र ॲलर्जी आहे त्याला एक डंखही पुरे. डंखानंतर काही मिनिटांत अंगभर पित्त उठलं, घसा आवळला, दम लागला, भोवळ किंवा उलटी आली तर घरगुती उपाय बाजूला ठेवून रुग्णवाहिका बोलवावी. इथे उपयोगी पडतं ते मांडीत दिलेलं ॲड्रेनालिनचं इंजेक्शन. ॲलर्जीच्या साध्या गोळ्या त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

खूप डंख बसलेल्या माणसाचं एक फसवं असतं. पहिल्या दिवशी तो बोलतो, चालतो, ‘काही नाही हो’ म्हणतो. पण विषानं फुटलेल्या स्नायूंचा आणि तांबड्या पेशींचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. लघवी गडद किंवा कमी होऊ लागते ती नंतर. म्हणून डंखांची संख्या मोठी असेल तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घ्यावं.

नांगी कशी काढावी यावर फार वाद झाले. चिमटीत धरली तर पिशवी दाबून विष आत जातं, म्हणून कार्डानं खरवडा, असं वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी स्वतःच्या अंगावर डंख घेऊन ते तपासलं. पद्धतीनं फरक पडला नाही, पडला तो उशिरानं. सुमारे वीस सेकंदांत बहुतेक विष आत गेलेलं असतं. नखानं, चिमटीनं, कशानंही, पण लगेच काढा. अर्थात माश्या मागे असताना थांबून नांग्या उपटत बसू नये. आधी निवारा.

गांधीलमाशीचा प्रकार थोडा वेगळा. तिच्या नांगीचे काटे नावापुरते, त्यामुळे नांगी कातडीत अडकत नाही आणि एकच माशी पुन्हा पुन्हा डसू शकते. काढायला मागे काही उरत नाही. धोक्याचा वास मात्र तिच्याकडेही असतो. जमिनीतल्या बिळात पोळं करणाऱ्या जातींच्या घरावर पाय पडला तर ताबडतोब निघावं. बीळ बुजवायला जाऊ नये.

तापट माश्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट ब्राझीलची. १९५६ मध्ये वॉरविक केर या शास्त्रज्ञानं उष्ण हवेत जास्त मध देतील म्हणून आफ्रिकेतून राण्या आणल्या. पुढच्या वर्षी २६ राण्या आपापल्या प्रजेसह निसटल्या, स्थानिक युरोपीय माश्यांशी त्यांचा संकर झाला आणि ती प्रजा पसरत पसरत १९९० मध्ये टेक्सासला पोचली. वर्तमानपत्रांनी तिला ‘खुनी माशी’ केलं. गंमत अशी की तिच्या एका डंखातलं विष युरोपीय माशीपेक्षा जहाल नाही. फरक आहे तो सांगाव्याला मिळणाऱ्या उत्तरात: लवकर निघतात, कितीतरी जास्त निघतात, लांबपर्यंत येतात आणि उशिरा शांत होतात. तीच माशी पोर्तो रिको बेटावर पोचली आणि कालांतरानं तिथे ती चक्क मवाळ झाली.

आणि पळताना टाकलेली पिशवी, फोन, चप्पल? ती तिथेच राहू द्यावी. खवळलेलं पोळं तासन्तास धुमसत असतं. घरी आल्यावर कपडे काढून धुवायला टाकावेत, कारण नांग्या कापडातही अडकतात आणि वास धरून राहतात. मधमाश्या पाळणारे लोक डंख बसलेले हातमोजे धुतल्याशिवाय पुन्हा पेटीजवळ नेत नाहीत.