क्रॉप सेन्सरचा व्यावसायिक कॅमेरा: आरशाचा की बिनआरशाचा?

पक्षी किंवा मैदानी खेळ टिपणाऱ्याला क्रॉप सेन्सर (३५ मिमी फिल्मच्या चौकटीएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) स्वस्त पडतो म्हणून नव्हे, तर पोचेसाठी, म्हणजे दूरचं जवळ दिसावं म्हणून हवा असतो. ४०० मिमीची लेन्स निकॉन, सोनी किंवा फुजीच्या एपीएस-सी (क्रॉपचा नेहमीचा आकार) बॉडीवर फुल फ्रेमवरच्या ६०० मिमीएवढा, तर कॅननवर ६४० मिमीएवढा दृश्यकोन देते. याच कामासाठी कॅननने ७डी मार्क २ (२०१४) आणि निकॉनने डी५०० (२०१६) काढला. दोन्ही सेकंदाला १० फ्रेम काढतात, आणि वेगवान एक्सक्यूडी मेमरी कार्ड असेल तर डी५०० सलग २०० रॉ (प्रक्रिया न केलेल्या) फ्रेम पेलतो. हे दोन्ही डीएसएलआर, म्हणजे आतल्या आरशाने व्ह्यूफाइंडरला प्रकाश देणारे कॅमेरे; त्यांचा थेट वारसदार डीएसएलआरमध्ये आला नाही. पुढच्या काळात आरसा नसणार हे जवळपास ठरलेलंच आहे. पण ‘आरसा की बिनआरसा’ हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. फोकस कुठे मोजला जातो आणि सेन्सर किती वेगाने वाचला जातो, हे दोन प्रश्न विचारले की निवड सोपी होते.

डीएसएलआरमध्ये फोकस सेन्सरवर मोजला जात नाही. मुख्य आरशाचा मधला भाग अर्धपारदर्शक असतो. त्यातून गेलेला प्रकाश मागच्या छोट्या आरशावर आदळून कॅमेऱ्याच्या तळातल्या फोकस मोड्यूलवर उतरतो. लेन्सपासून मोड्यूलपर्यंतचं आणि लेन्सपासून सेन्सरपर्यंतचं अंतर तंतोतंत सारखं हवं. त्यात किंचित फरक पडला तरी फोकस डोळ्याऐवजी चोचीच्या टोकावर किंवा मागच्या पिसांवर बसतो. याला उपाय एएफ फाइन ट्यूनचा, म्हणजे ऑटोफोकस मेन्यूतून किंचित पुढेमागे सरकवण्याचा; दोन्ही बॉडीत उणे २० ते अधिक २०. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, नक्षीदार सपाट लक्ष्य लेन्सच्या फोकल लांबीच्या साधारण ५० पट अंतरावर समांतर लावा आणि छिद्र पूर्ण उघडं ठेवा. दर वेळी फोकस आधी बिघडवून मग पुन्हा घेत व्ह्यूफाइंडरमधून आठ-दहा फोटो काढा आणि लाइव्ह व्ह्यूमधल्या (स्क्रीनवर पाहून, सेन्सरवरच फोकस मोजून काढलेल्या) फोटोशी ताडून पाहा. एकाच फोटोवर आकडा ठरवू नका, कारण फोकस दर वेळी थोडा इकडेतिकडे होतोच. झूमची अडचण वेगळीच: ७डी मार्क २ मध्ये रुंद आणि लांब टोकाला स्वतंत्र आकडे देता येतात, डी५०० मध्ये एका लेन्सला एकच.

मिररलेसमध्ये, म्हणजे बिनआरशाच्या कॅमेऱ्यात, फोटो काढणारा सेन्सरच फोकसही मोजतो, त्यामुळे हे सगळं प्रकरणच उरत नाही. दुसरा फायदा टेलिकन्व्हर्टर (लेन्सची फोकल लांबी वाढवणारा जोड) लावणाऱ्यांना लगेच कळतो. एफ/५.६ ची लेन्स १.४ पटीच्या कन्व्हर्टरने एफ/८ होते, म्हणजे प्रकाश निम्मा होतो. तिथे ७डी मार्क २ च्या ६५ फोकस बिंदूंपैकी फक्त मधला चालतो आणि डी५०० च्या १५३ पैकी १५. मिररलेस तिथेही फ्रेमच्या बऱ्याच मोठ्या भागात फोकस करतो. कॅनन एफ/११ च्या ६०० आणि ८०० मिमी लेन्स विकू शकतं ते यामुळेच. पक्ष्याचा डोळा आपोआप ओळखणं ही वरची मलई.

तरी मिररलेस चुकतो, आणि नेमका तिथेच जिथे जुना आरसा निभावून नेतो. फोकस जवळ अडकला असेल आणि पक्षी दूर गुंतागुंतीच्या फांद्यांसमोर असेल, तर कॅमेऱ्याला पक्षी म्हणजे धुरकट डाग दिसतो. तो मागच्या फांद्या पकडून बसतो. अशा वेळी रिंग फिरवून हाताने जवळपास आणा, मग ऑटोफोकस चालवा. लेन्सवर फोकस मर्यादेचं बटण असेल तर आधीच लावून ठेवा.

सेन्सरच्या वेगाचं मात्र मार्केटिंग गोंधळ घालतं. कॅनन आर७ (२०२२) यांत्रिक शटरने सेकंदाला १५ आणि इलेक्ट्रॉनिक शटरने ३० फ्रेम देतो. पण त्याचा ३२.५ मेगापिक्सेल सेन्सर वरपासून खालपर्यंत वाचायला साधारण ३० मिलिसेकंद घेतो. तेवढ्यात उडत्या पक्ष्याचा पंख पुढे सरकतो, आणि फोटोत पंख वाकडा, गोल्फची काठी धनुष्यासारखी. फुजी एक्स-एच२एस (२०२२) चा सेन्सर स्टॅक्ड (वेगाने वाचता यावा म्हणून थरांत रचलेला) आहे, तो हेच काम सहा-सात मिलिसेकंदांत उरकतो. म्हणून त्याचे सेकंदाला ४० फ्रेम खरोखर वापरता येतात, आर७ चे ३० फक्त स्थिर बसलेल्या पक्ष्यासाठी. आर७ वर क्रिया टिपायची तर यांत्रिक शटर ठेवा. इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (फोटोची सुरुवात इलेक्ट्रॉनिक, शेवट यांत्रिक शटरने) निवडलं आणि मोठ्या छिद्राच्या लेन्सने १/४००० सेकंदावर गेलात, तर धूसर पार्श्वभूमीतली गोल वर्तुळं कापल्यासारखी दिसू शकतात. सलग धडाक्यात आर७ चा रॉ बफर (कार्डावर जाण्याआधी फोटो धरून ठेवणारी मेमरी) तीन-चार सेकंदांत भरतो, डी५०० चा वीस सेकंद टिकतो. नव्या कॅमेऱ्यात सगळंच पुढचं असतं असं नाही.

क्रॉपचा खरा स्पर्धक डीएसएलआर उरलेला नाही. तो आहे फुल फ्रेम. निकॉन झेड८ चा ४५.७ मेगापिक्सेल सेन्सर डीएक्स (क्रॉप) मोडमध्ये १९.४ मेगापिक्सेल देतो, म्हणजे डी५०० च्या २०.९ ला जवळजवळ टेकतो, वर स्टॅक्ड सेन्सरचा वेग मिळतो. कॅननकडे हिशोब वेगळा. ४५ मेगापिक्सेलचा आर५ क्रॉप केला तर सुमारे १७ मेगापिक्सेल हातात येतात, आर७ मध्ये ३२.५. म्हणजे निकॉनवाल्याला क्रॉप बॉडीची गरज कमी, कॅननवाल्याला अजून आहे. व्यावसायिक क्रॉप बॉडीचं भवितव्य स्टॅक्ड सेन्सर त्या आकारात किती सहज मिळतो यावर अवलंबून राहील.

बॅटरीत आरसा जिंकतो: सीआयपीए (कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या) मापाने डी५०० एका चार्जवर १,२४० फोटो काढतो, कारण त्याचा व्ह्यूफाइंडर वीज जवळजवळ खातच नाही. मिररलेस नेताना दोन बॅटऱ्या जास्तीच्या धरा.

जुन्या लेन्स घेऊन मिररलेसकडे जाणाऱ्यांनी अडॅप्टर आधी तपासावा. कॅननच्या ईएफ (डीएसएलआरच्या) लेन्स अडॅप्टरवर पूर्ण ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरमध्ये मोटर नाही, त्यामुळे बॉडीतल्या स्क्रूवर फिरणाऱ्या एएफ आणि एएफ-डी लेन्स झेड (मिररलेस) बॉडीवर फक्त हाताने फोकस होतील. तुमच्या पिशवीत अशा दोन-तीन असतील तर आधी त्या विका, मग नवी बॉडी घ्या.