डिस्कवर विंडोज १० आहे की ११? नाव नको, बिल्ड बघा

बंद पडलेल्या लॅपटॉपची एसएसडी काढून दुसऱ्या पीसीला लावली, तर आत विंडोज १० आहे की ११ हे नुसत्या फोल्डरवरून कळतच नाही, दोन्हीकडे विंडोज, युझर्स, प्रोग्राम फाइल्स सगळं सेम. आणि कळायला तर हवं, कारण १० चा रेग्युलर सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय. (डिस्क बिटलॉकरने, म्हणजे विंडोजच्या डिस्क एन्क्रिप्शनने, लॉक असेल तर आधी ४८ आकडी रिकव्हरी की शोधा, त्याशिवाय पुढचं काहीच होणार नाही.)

सोपा उपाय म्हणजे त्या डिस्कच्या सिस्टम३२ फोल्डरमधली एनटीओएसकर्नल फाइल (ntoskrnl.exe, विंडोजचा गाभा), राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स. व्हर्जनची सुरुवात दोन्हीकडे १०.० नेच होते, इथेच बरेच जण गंडतात आणि ११ ला १० समजून बसतात. त्याच्या पुढचा आकडा, म्हणजे बिल्ड नंबर, बघायचा! १९०४१ असेल तर १०, २२००० किंवा त्याच्या वर असेल तर ११.

पक्कं हवं असेल तर रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आपली सेटिंग्ज साठवतं ती जागा (तिची डिस्कवरची एकेक फाइल म्हणजे हाइव्ह). रेजएडिट उघडा, एचकेएलएम सिलेक्ट करून फाइल मेनूतून लोड हाइव्ह, मग त्या डिस्कच्या सिस्टम३२ मधल्या कॉन्फिग फोल्डरातली सॉफ्टवेअर फाइल घ्या, नाव काहीही द्या, आणि आत मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंटव्हर्जन असं जा. इथल्या प्रॉडक्टनेमवर अजिबात विश्वास ठेवू नका, ११ असलं तरी तिथे 'विंडोज १० प्रो' असंच दिसतं, आणि डिस्प्लेव्हर्जनमध्ये २२एच२ (२०२२ च्या दुसऱ्या सहामाहीचं व्हर्जन) दिसलं तरी निकाल लागत नाही कारण २२एच२ दोघांचंही आहे. करंटबिल्ड बघा, १० चं २२एच२ म्हणजे १९०४५, ११ चं २२६२१. (कर्नल फाइल १९०४१ म्हणते आणि इथे १९०४५ दिसतं म्हणून घाबरू नका, १० च्या '२००४' या व्हर्जनपासून (हे साल नव्हे) २२एच२ पर्यंत मूळ फाइल्स त्याच आहेत.) काम झालं की अनलोड हाइव्ह नक्की करा, नाहीतर फाइल अडकून राहते आणि डिस्क सेफली निघत नाही.

इन्स्टॉलचा पेनड्राइव्ह असेल तर मात्र नावावर भरवसा ठेवा. सोर्सेस फोल्डरमधल्या इन्स्टॉल फाइलवर, विम असो की ईएसडी, डिस्म या विंडोजच्या कमांडचं गेट-विमइन्फो चालवलं की 'विंडोज ११ होम', 'विंडोज ११ प्रो' अशी यादी येते, आणि इंडेक्स नंबर दिला की त्या एडिशनचा बिल्डही दिसतो.