किती जवळ म्हणजे ‘लागून’? प्रथिनांतल्या स्पर्शांची पार्श्वभूमी

प्रथिनाच्या साखळीतली कुठली अमिनो आम्लं एकमेकांना लागून आहेत, हे काढायला आज संगणकाला क्षणभरही लागत नाही. अणूंच्या जागा द्यायच्या, अंतराची मर्यादा सांगायची, की यादी तयार. ही मर्यादा कोणी साडेचार अँगस्ट्रॉम ठेवतं, कोणी साडेसहा, कोणी आठ. (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग.) एकाच रचनेवरून तिघं जण तीन याद्या काढतात आणि चूक कोणाचीच नसते. स्पर्श ही गोष्ट रचनेत आयती मिळत नाही, रेघ आपल्याला मारावी लागते. ती कुठे मारायची, यावरून पहिलं मोठं भांडण झालं ते मद्रासमध्ये केलेल्या कामावरून.

मद्रास विद्यापीठातले गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४-५५ मध्ये कोलॅजेनची तीन पेडांची रचना मांडली. कोलॅजेन म्हणजे कातडी, स्नायुबंध, हाडं यांतलं मुख्य प्रथिन. केंब्रिजच्या फ्रान्सिस क्रिक आणि अलेक्झांडर रिच यांना तीन पेड मान्य होते, पण तपशील नव्हते. मद्रासच्या रचनेत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ येतात, असा त्यांचा एक आक्षेप होता. आता ‘फार जवळ’ म्हणजे किती? या प्रश्नाचं पक्कं उत्तर तेव्हा कुठेच लिहिलेलं नव्हतं. रामचंद्रन यांनी ते शोधायला घेतलं. अमिनो आम्लं आणि छोटे पेप्टाइड (अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या) यांच्या तोवर उकललेल्या स्फटिकरचना चाळून कुठला अणू कुठल्या अणूच्या किती जवळ आलेला दिसतो, याचा तक्ता तयार झाला. त्यात प्रत्येक जोडीसाठी दोन आकडे होते: एक नेहमीची मर्यादा, दुसरा अगदी ताणून. कार्बन-कार्बनसाठी ३.२ आणि ३.० अँगस्ट्रॉम, हायड्रोजन-हायड्रोजनसाठी २.० आणि १.९.

हा तक्ता हाताशी धरून रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी पाहिलं, की साखळीच्या कण्याला दोन बंधांभोवती पीळ देत गेलं तर कुठल्या कोनांना अणूंची टक्कर होत नाही. त्यातून निघालेला आलेख १९६३ मध्ये छापला गेला. रामचंद्रन आलेख जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असतो, त्याच्या पोटातला तक्ता मात्र फारसा कोणाला आठवत नाही. मला तो तक्ताच जास्त महत्त्वाचा वाटतो. आलेखात आतली आणि बाहेरची अशा दोन सीमा दिसतात, त्या या दोन आकड्यांमुळेच. म्हणजे रेघ एक नाही, दोन, आणि मधल्या पट्ट्यात ‘चालेल, पण ओढून ताणून’, हे तिथे प्रामाणिकपणे कबूल केलेलं आहे.

मूळ भांडणाचा निकालही गमतीचा लागला. हायड्रोजन बंधांच्या (हायड्रोजनमार्फत दोन अणूंमध्ये असलेल्या ओढीच्या) मोजणीत क्रिक-रिच सरस ठरले: तीन अमिनो आम्लांमागे थेट बंध दोन नव्हे, एकच. पण कार्बनवरचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची कोलॅजेनमधली जवळीक हाही एक दुबळा हायड्रोजन बंध असू शकतो, असं मद्रासच्या मंडळींनी साठच्या दशकात सुचवलं होतं. त्याला स्फटिकातून पुरावा मिळाला १९९६ मध्ये.

दरम्यान केंब्रिजमध्ये जॉन केंड्र्यू यांच्या गटाने १९६० साली मायोग्लोबिन या स्नायूंतल्या प्रथिनाची रचना दोन अँगस्ट्रॉमपर्यंत स्पष्ट केली. १५३ अमिनो आम्लांची साखळी अशी काही दुमडलेली, की साखळीत शंभर घरं लांब असलेले शेजारी म्हणून बसलेले. पाण्याशी न जमणारी अमिनो आम्लं बहुतेक आतल्या बाजूला, एकमेकांना खेटून. इथून पुढे प्रश्न उलटला. मद्रासला विचारलं जात होतं, कोण फार जवळ आलंय. आता विचारलं जाऊ लागलं, कोण कोणामुळे जागेवर टिकून आहे.

एका चुकीच्या स्पर्शाने काय होतं, ते गडचिरोली-चंद्रपूरपासून नंदुरबारपर्यंतच्या सरकारी दवाखान्यांत रोज दिसतं. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येतं. हे व्हर्नन इंग्राम यांनी १९५७ मध्ये दाखवलं. पण एवढ्याने तांबडी पेशी विळ्यासारखी का व्हावी? ते कळायला रचनाच लागली. ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनवर ८५व्या जागचं फेनिलअलानिन आणि ८८व्या जागचं ल्युसिन यांच्यामध्ये एक खोबण असते. शेजारच्या रेणूचं व्हॅलिन तिथे नेमकं बसतं. मग रेणूला रेणू लागत दोरखंड होतात आणि पेशी वाकते.

स्पर्श कागदावर मांडायची सोपी युक्ती सत्तरच्या दशकाच्या तोंडावर आली. ऑक्सफर्डचे डेव्हिड फिलिप्स आणि जपानमधले निशिकावा, ओई यांची नावं इथे घेतली जातात. चौकटीचा कागद घ्या, आडवीकडे आणि उभीकडे साखळीतले क्रमांक लिहा, ज्या दोघांतलं अंतर मर्यादेच्या आत आहे त्यांच्या घरात ठिपका द्या. कर्णालगत जाड पट्टा दिसला की ते आल्फा सर्पिल (स्प्रिंगसारखी वळलेली साखळी), कारण तिथे प्रत्येक जण आपल्यापुढच्या तिसऱ्या-चौथ्याला लागून असतो. कर्णाला समांतर रेघ म्हणजे एकाच दिशेने जाणारे दोन बीटा पदर (साखळीचे शेजारी-शेजारी बसलेले ताणलेले तुकडे), काटकोनात गेली तर उलट दिशेचे. त्रिमितीतला गुंता असा सपाट होतो आणि सराव झाला की नुसत्या नजरेने वाचता येतो. लिसा होल्म आणि क्रिस सँडर यांनी १९९३ मध्ये दोन प्रथिनांच्या रचनांची तुलनाही अशाच अंतरांच्या चौकटी एकमेकींवर जुळवून करून दाखवली.

मोजदादीतून ऊर्जा काढायचा प्रयत्नही झाला. अमिनो आम्लं २०, म्हणजे जोड्या २१०. कुठली जोडी योगायोगापेक्षा जास्त वेळा शेजारी सापडते, यावरून प्रत्येक जोडीला मियाझावा आणि जर्निगन यांनी १९८५ मध्ये गुण दिले. त्यांची मर्यादा साडेसहा अँगस्ट्रॉम, तीही अमिनो आम्लांच्या कण्यातून बाजूला फुटणाऱ्या फांद्यांच्या मध्यांमधली.

खरी उलथापालथ झाली ती रचनेकडे न बघता स्पर्श ओळखायच्या नादातून. दोन अमिनो आम्लं लागून असतील, तर उत्क्रांतीत एक बदललं की दुसऱ्यालाही जुळवून घ्यावं लागेल. मग एकाच कुळातल्या शेकडो प्रथिनांचे क्रम खाली-खाली लिहिले, की जोडीने बदलणाऱ्या जागा सापडायला हव्यात. १९९४ मध्ये सँडर यांच्याच गटाने हे करून पाहिलं. कल्पना पटण्यासारखी होती, पण निकाल बेताचेच. अडचण सोयऱ्याच्या सोयऱ्याची होती: अ ब ला लागून, ब क ला लागून, म्हणून अ आणि क सुद्धा जोडीने बदलताना दिसतात आणि यादीत फुकटचे घुसतात. ही दूरची नाती चाळून काढायचं गणित सांख्यिकी भौतिकीतून आलं. २००९ मध्ये मार्टिन वाइग्ट आणि सहकाऱ्यांनी ते जिवाणूंच्या संदेशवाहक प्रथिनांवर वापरलं. २०११ मध्ये डेबोरा मार्क्स आणि पुन्हा सँडर यांच्या गटाने अशा भाकितांवरून प्रथिनांच्या अख्ख्या घड्या, म्हणजे दुमडलेल्या रचना, उभ्या केल्या. तोवर जनुकक्रमांचा महापूर आलेला होता, त्याशिवाय हे जमलं नसतं.

कास्प ही रचना ओळखण्याची स्पर्धा १९९४ पासून दर दोन वर्षांनी होते. तिथे स्पर्शाची व्याख्या ठरून गेली: दोन बीटा कार्बनांमधलं (कण्यावरच्या आल्फा कार्बनला जोडलेल्या, फांदीतल्या पहिल्या कार्बनांमधलं) अंतर आठ अँगस्ट्रॉमच्या आत. ग्लायसिनला बीटा कार्बनच नसतो, तिथे आल्फा घ्यायचा. २०१८ च्या फेरीत उतरलेल्या अल्फाफोल्ड या डीपमाइंड कंपनीच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने हे ‘आत की बाहेर’ बाजूला ठेवलं. दोन ते बावीस अँगस्ट्रॉमचे ६४ कप्पे पाडून जोडीचं अंतर कुठल्या कप्प्यात असण्याची किती शक्यता, हे ते सांगू लागलं. २०२० ची आवृत्ती तर थेट अणूंच्या जागाच देते. २०२४ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये ती घडवणाऱ्या हसाबिस आणि जंपर यांना वाटा मिळाला तो यासाठी.

तरी हाती आलेल्या रचनेत कोण कोणाला धरून आहे, हा प्रश्न उरतोच. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रामचंद्रन यांनीच उभ्या केलेल्या विभागात सरस्वती विश्वेश्वरा यांनी प्रथिनांकडे जाळं म्हणून पाहिलं. साडेचार अँगस्ट्रॉमच्या आत किती अणुजोड्या येतात ते मोजायचं, अमिनो आम्लाच्या आकारमानानुसार ते समान पातळीवर आणायचं आणि स्पर्शाला होय-नाहीऐवजी टक्के द्यायचे. ही टक्क्यांची मर्यादा हळूहळू चढवत नेली की एका टप्प्यावर जाळ्याचा सगळ्यांत मोठा पुंजका अचानक फुटतो. रेघ कुठे मारावी, याचा थोडा इशारा प्रथिनच देतं, असं म्हणायला ही एक जागा.

आणि हे सगळं गोठलेल्या रचनेचं झालं. संगणकात प्रथिन हलतं ठेवलं, तर एखादं आर्जिनिन ग्लुटामिक आम्लाला धरतं, सोडतं, पुन्हा धरतं. तिथे साडेचारची पक्की रेघ मारली की अंतर ४.४ आणि ४.६ यांच्यात हेलकावे खाताना स्पर्श शंभरदा तुटल्याची नोंद होते. म्हणून बरेच जण आता हळूहळू उतरत जाणारी मर्यादा वापरतात, आणि अहवालात स्पर्शापुढे लिहितात, किती टक्के वेळ.