लाईन गेली म्हणजे नेमकं काय गेलं?

नागपुरात 'लाईन' हा शब्द सकाळपासून रात्रीपर्यंत कानावर पडतो, आणि दर वेळी वेगळ्या अर्थानं. सिव्हिल लाईन्स ही एक वस्ती, पोलीस लाईन टाकळी ही दुसरी. सीताबर्डीला मेट्रोची ऑरेंज लाईन आणि ॲक्वा लाईन एकमेकींना भेटतात. रेशनच्या दुकानात लाईन लागते. सोयरीक जुळवताना पाहुणे विचारतात, "पोरगा कोणत्या लाईनमध्ये आहे?" कॉलेजच्या कट्ट्यावर कोणी कोणाला लाईन मारतो. आणि मे महिन्याच्या दुपारी कूलर बंद पडला की शेजारी गॅलरीतून ओरडतो, "भाऊ, तुमच्याकडची पण लाईन गेली काय?" आता रांग गेली, रूळ गेले की धंदा गेला, अशी शंका ऐकणाऱ्याला येत नाही. ती का येत नाही, हे शोधण्यात भाषाशास्त्रज्ञांची आणि मेंदूच्या अभ्यासकांची कित्येक वर्षं गेली आहेत.

आधी शब्दाचं मूळ पाहू, कारण ते आपल्या शेतात सापडतं. लॅटिनमध्ये 'लिनम' म्हणजे जवस, आणि 'लिनिआ' म्हणजे जवसाच्या तंतूंचा दोरा. इंग्रजी 'लाईन' तिथून आली. लिननचं कापड, कोटाच्या आतलं लायनिंग, जवसाच्या बियांचं 'लिनसीड' हे नाव, सगळी एकाच घरची भावंडं. वनस्पतिशास्त्रात जवसाला 'लिनम युसिटॅटिसिमम' म्हणतात, म्हणजे अतिशय उपयोगी जवस. आपल्याकडे हा उपयोग चटणी आणि तेलापुरताच. पूर्व विदर्भात धान कापायच्या आधीच उभ्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, जवसाचं बी फेकतात. ओलाव्यावर ते उगवून येतं. ही बियांसाठीची जात बुटकी आणि फांद्या फुटणारी. युरोपात धाग्यासाठी लावतात ती उंच, सरळसोट. तिची खोडं पाण्यात किंवा दवात कुजू देतात, जिवाणू त्यातलं तंतू चिकटवून ठेवणारं पेक्टिन फस्त करतात आणि लांबलचक तंतू सुटे होतात.

दोरा ताणून धरला की सरळ रेघ मिळते. गवंडी विटांचा थर लावताना आजही तेच करतो. त्याच्या दोरीचं बाजारातलं नाव 'लाईनदोरी', म्हणजे मुळाप्रमाणं पाहिलं तर दोरीदोरी! दोऱ्याची रेघ झाली, रेघेवर उभ्या माणसांची रांग झाली, फौजेच्या राहुट्यांच्या रांगांना 'लाईन्स' म्हणू लागले. इंग्रजी अमदानीत मुलकी अधिकाऱ्यांची वस्ती छावणीपासून वेगळी असे, म्हणून ती 'सिव्हिल लाईन्स'. रेघेवरून जायचं तो मार्ग, आणि आयुष्यात धरायचा मार्ग म्हणजे पेशा. पोराच्या 'लाईन'ची चौकशी इथून आली.

विजेची 'लाईन' मात्र बरीचशी आपली कमाई. इंग्रजीत तारेला लाईन म्हणतात. तारेतून येणारी वीज गेली तर 'लाईन गेली' असं इंग्रज म्हणत नाही. त्याला वाटेल, तार चोरीला गेली. आपण तारेचं नाव तिच्यातून वाहणाऱ्या विजेला दिलं. ही आपली जुनी खोड आहे. "नळ आले" म्हणतो तेव्हा नळ जागेवरच असतो, येतं ते पाणी.

एका शब्दाला असे एकमेकांतून फुटलेले अर्थ असण्याला 'पॉलिसेमी' हे नाव फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल यांनी १८९७ च्या ग्रंथातून रूढ केलं. मराठीत अनेकार्थता म्हणू. 'नाव'ची गोष्ट वेगळी. होडी या अर्थाचं 'नाव' आणि ओळख सांगणारं 'नाव' यांचा काही संबंध नाही. एकाचं मूळ 'नौ', दुसऱ्याचं 'नाम'. हा फरक फक्त पंडितांच्या कामाचा असेल असं वाटतं, पण मेंदूलाही तो जाणवतो. ब्रिटनमधल्या संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना पडद्यावरची अक्षरं पाहून 'हा खरा शब्द आहे की नाही' एवढंच सांगायचं होतं. नातं नसलेले दोन अर्थ असले की उत्तर रेंगाळायचं. एकमेकांशी नातं असलेले पुष्कळ अर्थ असले की उलट लवकर यायचं. म्हणजे 'लाईन'च्या गोतावळ्याचा मेंदूला भार होत नाही, मदतच होते.

मग योग्य अर्थ निवडला कधी जातो? मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांचा १९७९ चा प्रयोग मला फार आवडतो. इंग्रजी 'बग' म्हणजे किडा, आणि चोरून ऐकण्याचं यंत्रही. ऐकणाऱ्यांना कोळी-झुरळांचा उल्लेख असलेलं वाक्य ऐकवलं, म्हणजे किड्याचा अर्थ उघड होता. तरीही 'बग' कानावर पडताक्षणी समोर दाखवलेले 'मुंगी' आणि 'हेर' हे दोन्ही शब्द लोकांनी चटकन ओळखले. वाक्य तीनच अक्षरं पुढे सरकल्यावर तपासलं तर 'हेर' चटकन ओळखू येणं संपलेलं, 'मुंगी'चं टिकलेलं. शेजाऱ्याची 'लाईन' ऐकताना आपल्याही डोक्यात क्षणभर दोनतीन लाईनी उभ्या राहात असणार. 'गेली' आणि बंद कूलर मिळून बाकीच्यांना घालवतात, आपल्याला पत्ताही लागत नाही.

यंत्राला हे जमवायला फार वेळ लागला. यंत्राकडून भाषांतर करून घेण्याची कल्पना मांडताना अमेरिकन गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी १९४९ मध्ये एक युक्ती सुचवली. पानावर एकच शब्द दिसेल एवढं भोक असलेला कागद ठेवा. अर्थ कळणार नाही. भोक दोन्ही बाजूंना रुंद करत जा. कधीतरी अर्थ पक्का होईल. "लाईन गेली" एवढंच दिसलं तर वीज. "मुंग्यांची लाईन गेली" दिसलं की रांग. गंमत म्हणजे पुढे संशोधकांनी परीक्षेला नेमका हाच शब्द घेतला. १९९३ मध्ये अमेरिकेत 'लाईन' असलेली हजारो इंग्रजी वाक्यं जमवून संगणकाला सहा अर्थ दिले: दोर, सीमा, रांग, टेलिफोन, कंपनीचा माल आणि मजकुराची ओळ. तीन वेगवेगळ्या पद्धती वापरून यश मिळालं ते ७१ ते ७६ टक्के. २०१३ च्या सुमाराला गाजलेल्या पद्धतीत संगणक प्रत्येक शब्दाचा अर्थ आकड्यांच्या एकाच यादीत मांडी, त्यात सगळे अर्थ कालवलेले. २०१८ च्या 'बर्ट'सारख्या भाषेच्या संगणक प्रणालींनी वाक्यागणिक वेगळी यादी काढायला सुरुवात केली, तेव्हा कुठे गाडी पुढे सरकली.

समानार्थी शब्दांचं चित्र याच्या उलट दिसतं. ब्रेआल यांचंच म्हणणं होतं की दोन शब्दांचा अर्थ अगदी एक झाला, तर बोलणारे त्यांच्यात काहीतरी भेद पाडतात. शाळेत रांग, ओळ, रेषा हे समानार्थी म्हणून पाठ केले, पण अदलाबदल करून बघा. तळहातावर रेषा असतात, ओळी नसतात. वहीत ओळी असतात. जेवायला बसतात ती पंगत, तिला रांग म्हटलं तर रेशनच्या दुकानात उभं राहिल्यासारखं वाटतं. 'लाईन' मराठीत शिरली तेव्हाही असंच वाटप झालं. बँकेतल्या पाटीवर "कृपया रांगेत उभे राहा" लिहिलेलं असतं, आणि पाटीखालचा माणूस पुढच्याला म्हणतो, "ओ काका, लाईनमध्ये या." पाटीची भाषा एक, तोंडची एक. विजेच्या बाबतीत तर पाटीवाल्या शब्दांचा इलाजच चालत नाही. "रांग गेली", "ओळ गेली", "रेषा गेली" असं गॅलरीतून ओरडून पाहा. कोणी फ्यूज बघायला उठणार नाही.