गोव्यातले फिरते ख्रिस्ती प्रचारक: थोडी पार्श्वभूमी

म्हापसा किंवा मडगावच्या बस स्टँडवर कधीकधी एखादा माणूस दिसतो, खांद्याला बॅग, हातात छोटी छोटी पुस्तकं नाहीतर पॅम्फलेट, येणाजाणाऱ्याला थांबवून येशूबद्दल दोन शब्द सांगू का विचारतो. बऱ्याचदा तो गोव्याबाहेरचा असतो, हिंदीत नाहीतर मोडक्या मराठीत बोलतो, आणि येताना त्याच्या डोक्यात असतं की गोवा म्हणजे सगळे ख्रिश्चनच, इथे काम सोपं. मग इथे आल्यावर त्याला दोन गोष्टी कळतात. पहिली म्हणजे २०११ च्या जनगणनेत गोव्यात ख्रिश्चन २५ टक्के आणि हिंदू ६६ टक्के आहेत, म्हणजे त्याचा अंदाज पार चुकलेला. आणि दुसरी म्हणजे त्याला सगळ्यात थंड रिस्पॉन्स हिंदूंकडून नाही तर कॅथलिक घरातून मिळतो, 'बिलिव्हर आयला' (बिलिव्हर म्हणजे नव्या प्रॉटेस्टंट पंथांतले लोक) म्हणून दार लोटून घेणारे बरेचसे रोज संध्याकाळी तेर्स म्हणजे जपमाळेची प्रार्थना म्हणणारेच असतात.

हे असं का, तर त्याच्यामागे जवळजवळ पाचशे वर्षांची बॅकग्राउंड आहे. गोव्याच्या रस्त्यावरून धर्म सांगत फिरणारा हा काही पहिला माणूस नाही. त्याच्याआधी जे आले त्यातले काही एकटे आले, काहींच्या मागे सैन्य आलं, आणि माझ्या मते सगळा फरक तिथेच पडतो.

पोर्तुगीजांनी गोवा घेतलं १५१० मध्ये. फ्रान्सिस्कन साधू काही वर्षांत आलेच होते, पण फिरता प्रचारक म्हटलं की गोव्यात एकच नाव येतं, फ्रान्सिस झेवियर, आपल्याकडे ज्याला सगळे 'गोंयचो सायब' म्हणतात, हिंदूसुद्धा. हा ७ एप्रिल १५४१ ला लिस्बनहून निघाला आणि ६ मे १५४२ ला गोव्यात उतरला, म्हणजे तेरा महिने, मध्ये वाऱ्याची दिशा बदलायची वाट बघत मोझांबिकला मुक्काम, जहाजावर आजारी माणसं, आणि हा त्यांची सेवा करत बसलेला. तेव्हा प्रवास म्हणजे काय ते यावरून कळतं. वाऱ्याचा सीझन चुकला की गेलं वर्ष.

गोव्यात त्याची रोजची पद्धत अशी की सकाळी हॉस्पिटल आणि तुरुंग, नंतर हातात घंटा घेऊन रस्त्यावर, घंटा वाजवत पोरांना आणि गुलामांना गोळा करायचं आणि चर्चमध्ये नेऊन प्रार्थना गाण्यासारख्या चालीत पाठ करून घ्यायच्या. पोरं घरी जाऊन तेच गुणगुणायची आणि आईबाप ऐकायचे. आजचे मार्केटिंगवाले यापेक्षा वेगळं काय करतात.

पण तो गोव्यात राहिला किती, तर काही महिनेच. त्याच वर्षी तो दक्षिणेला कन्याकुमारीच्या बाजूला मोती काढणाऱ्या परवर लोकांकडे गेला. हे लोक काही वर्षांपूर्वीच बाप्तिस्मा घेऊन बसलेले, कारण त्यांना शत्रूंपासून पोर्तुगीजांचं संरक्षण हवं होतं, पण बाप्तिस्मा देणाऱ्यांनी नंतर ढुंकून बघितलं नव्हतं, धर्म म्हणजे काय हे कुणी सांगितलंच नव्हतं. झेवियरला तमिळ येत नव्हतं. त्याने दुभाषे धरून प्रार्थना तमिळमध्ये करून घेतल्या, स्वतः घोकल्या आणि गावोगाव तेच म्हणत फिरला. बाप्तिस्मा देऊन देऊन हात उचलवत नाही, तेच तेच म्हणून आवाज बसतो असं त्यानेच पत्रात लिहिलंय, त्रावणकोरच्या बाजूला एका महिन्यात दहा हजारांवर लोकांना बाप्तिस्मा दिला असंही लिहिलंय. आता महिन्यात दहा हजार म्हटल्यावर त्यातल्या किती जणांना काय समजलं असेल हा प्रश्न उरतोच, पण त्याची पायपीट खोटी म्हणता येत नाही. पुढे मलाक्का, मोलुक्का बेटं, १५४९ ला जपान, आणि ३ डिसेंबर १५५२ ला चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर ताप येऊन मेला, वय ४६. १५५४ मध्ये मृतदेह गोव्याला आणला. तो जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चमध्ये आहे आणि दर दहा वर्षांनी दर्शनाला काढतात, शेवटचं दर्शन २०२४ च्या नोव्हेंबरपासून २०२५ च्या जानेवारीपर्यंत झालं.

हाच झेवियर पोर्तुगीज अधिकाऱ्यांच्या लुटीबद्दल राजाकडे तक्रारी करायचा, आणि याच झेवियरने १५४६ मध्ये पत्र लिहून राजाकडे गोव्यासाठी इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट न पाळणाऱ्यांची चौकशी करून शिक्षा देणारं चर्चचं कोर्ट, मागितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, एक सांगून दुसरी लपवणारे दोन्हीकडे भेटतात. इन्क्विझिशन प्रत्यक्षात आलं १५६० ला, म्हणजे तो गेल्यावर, आणि मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत चाललं. त्याचा मार सगळ्यात जास्त कुणाला बसला तर नव्या ख्रिश्चनांना. घरात तुळस दिसली, जुनी चालरीत पाळली, की चौकशी. त्याच सुमारास तिसवाडी, बार्देश, साष्टीतली देवळं पाडली गेली आणि देव नदी ओलांडून अंत्रूज महालात म्हणजे फोंड्याच्या बाजूला गेले, मंगेशी कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून. फोंड्याला देवदर्शनाला येणाऱ्या मुंबई-पुण्याच्या लोकांना ही देवळं इथे का आहेत हे बऱ्याचदा माहीत नसतं.

आता या सगळ्यात रस्त्यावरच्या पाद्रीचं काय झालं ते बघायचं तर कुंकळ्ळी. जुलै १५८३, रुडॉल्फ अक्वाविवा आणि आणखी चार जेझुईट (झेवियरच्याच संघातले पाद्री) साष्टीतल्या कुंकळ्ळी गावी गेले, क्रॉस उभा करायला आणि चर्चसाठी जागा बघायला. अक्वाविवा म्हणजे साधासुधा माणूस नव्हे, इटलीतल्या ड्यूकचा मुलगा, आणि तीन वर्षं अकबराच्या दरबारात राहून नुकताच परत आलेला. १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघून सुरतमार्गे फतेहपूर सिक्रीला पोचला होता, तिथे मौलवींशी रोज वादविवाद, बादशाह ऐकतोय, पण केसाला धक्का लागला नाही. आणि गोव्यात, पोर्तुगीजांच्या स्वतःच्या हद्दीत, कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी पाचही जणांना मारलं, सोबतचे काही स्थानिक ख्रिश्चनसुद्धा मेले.

कारण गावकऱ्यांना समोर पाद्री दिसतच नव्हता. त्याच्याआधी त्या भागात सैन्य येऊन देवळं पाडून, जाळपोळ करून गेलं होतं, करवसुलीचं भांडण चालू होतं, आणि या पाचातले काही जण त्या मोहिमांशी जोडलेले होते. मग निःशस्त्र आलात म्हणून कोण विश्वास ठेवणार. नंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावलं आणि तिथे मारलं, एखादाच निसटला. चर्चने त्या पाच जणांना १८९३ मध्ये धन्य (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं. कुंकळ्ळीत मात्र आठवण निघते ती गावकऱ्यांच्या उठावाची, आणि आजही फाल्गुनात फातर्प्याहून शांतादुर्गा कुंकळ्ळीकरीण छत्र्यांच्या मिरवणुकीने मूळ गावी येते तेव्हा गावचे ख्रिश्चनही त्यात असतात.

त्या पाच जणांचे मृतदेह आणायला पुढे झालेल्यांत एक इंग्रज जेझुईट होता, थॉमस स्टीफन्स. हा १५७९ ला गोव्यात आलेला, म्हणजे अक्वाविवा सिक्रीला निघाला त्याच हंगामात, आणि पुढची चाळीस वर्षं बहुतेक साष्टीतच काढली, मडगाव, रायतूर अशी. एवढं सगळं डोळ्यांनी बघून या माणसाने काय केलं, तर मराठी शिकला, आणि ओव्यांमध्ये ख्रिस्तपुराण लिहिलं. जवळजवळ अकरा हजार ओव्या! रायतूरला १६१६ मध्ये छापलं, अर्थात रोमन लिपीत कारण देवनागरीचे खिळे नव्हते. त्याच्या सुरुवातीलाच एक प्रसंग येतो, नवीन ख्रिश्चन झालेला एक ब्राह्मण पाद्रीला विचारतो की आमची जुनी पुराणं तर तुम्ही बंद केलीत, मग आम्ही वाचायचं काय, तुमचं तसं काही का देत नाही. प्रश्न बरोबरच होता, घेतलं ते घेतलं, त्याच्या बदल्यात काय? स्टीफन्सने उत्तर पुराणानेच दिलं. ते चर्चमधून वाचलं जायचं, गायलं जायचं, पोर्तुगीज सरकारने १६८४ मध्ये फतवा काढून तीन वर्षांत सगळ्यांनी पोर्तुगीज बोलावं असं सांगितलं तरी ओव्या टिकल्या, विसाव्या शतकापर्यंत काही ठिकाणी म्हणत होते. मराठी साहित्याच्या इतिहासात हे पुस्तक शिकवतात, पण ते साष्टीच्या चिखलात फिरून लिहिलंय हे तिथे कुणी सांगत नाही.

आता गोवेकर स्वतः प्रचारक म्हणून बाहेर पडले त्यांचं. पहिलं नाव मातेउस द कास्त्रो, दिवाडीचा ब्राह्मण ख्रिश्चन. गोव्यात गोरे लोक त्याला पाद्री करून घेईनात, म्हणून हा खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला, १६३७ ला तिथे चक्क बिशप झाला, आणि तरी गोव्यात त्याला काम करू देईनात. मग त्याने आदिलशाहीत डिचोलीला ठाण मांडलं. म्हणजे ख्रिश्चन बिशपला ख्रिश्चन राजवटीत जागा नाही आणि मुसलमान सुलतानाच्या मुलखात आहे!

आणि जुझे वाझ. माझ्या मते गोव्याच्या मातीतला सगळ्यात मोठा प्रवासी हाच, आणि मराठी वाचकांना याच्याबद्दल फार कमी माहीत असतं. जन्म १६५१, बाणावलीचा, घर सांकवाळचं. आधी कारवार-मंगळूरच्या बाजूला काम केलं, तिथे त्याची गाठ पडली मातेउसच्या पुतण्याशी, तोही बिशप, रोमने नेमलेला, आणि वाझ पोर्तुगीज व्यवस्थेचा, त्यामुळे एका गावात दोन चर्च अधिकारी आणि अधिकार कुणाचा यावरून भांडण, यात बिचारा वाझ समजूत काढत फिरतोय. मग त्याला कळलं की श्रीलंकेत डचांनी कॅथलिक पाद्रींना बंदी घातलीय, लोक वर्षानुवर्षं पाद्रीशिवाय आहेत. १६८७ मध्ये हा एका नोकराला घेऊन मजुराच्या वेषात, अनवाणी, होडीने जाफन्याला उतरला, उतरल्या उतरल्या हगवणीने मरायला टेकला. बरा झाला तर प्रश्न असा की कॅथलिक ओळखायचे कसे, कारण सगळे लपून होते. मग त्याने गळ्यात मोठी जपमाळ घातली आणि दारोदार भीक मागत फिरला. ज्या घरात माळेकडे बघून डोळे बदलले ते घर आपलं. डच शिपायाने बघितली असती तर सरळ तुरुंग, तरी घातली.

१६९२ ला श्रीलंकेतल्याच कँडीच्या बौद्ध राज्यात गेला तर राजाने पोर्तुगीज हेर समजून आत टाकलं. तुरुंगात बसून सिंहली शिकला. दुष्काळात त्याच्या प्रार्थनेने पाऊस पडला अशी गोष्ट सांगतात, ती ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावी. पण १६९७ ला कँडीत देवीची साथ आली, लोक घरच्या माणसांना टाकून पळाले, आणि हा बौद्ध, ख्रिश्चन न बघता आजाऱ्यांना खाऊ घालत, धुवत, मेलेल्यांना पुरत राहिला, ते मात्र राजाने बघितलं. नंतर त्याला फिरायला मोकळीक मिळाली. १७११ ला कँडीतच गेला, गोव्याला कधी परतला नाही. पोप फ्रान्सिसने १४ जानेवारी २०१५ ला कोलंबोत त्याला संत जाहीर केलं.

त्याच्यामागे ना पोर्तुगीज तोफ होती ना पगार, उलट डच सरकार विरुद्ध, आणि बौद्ध राजाने त्याला सांभाळलं. कुंकळ्ळीशी ताडून बघा म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल.

पुढचं पटकन सांगतो. १७५९ ला पोर्तुगालने जेझुईटांना हाकललं, १८३५ पर्यंत बाकीचे संघही बंद केले, मठ ओस पडले, जुनं गोवं झाडीत गेलं. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा ही नवी काबिजाद, म्हणजे नंतर मिळालेला मुलूख, अठराव्या शतकात आली तेव्हा पोर्तुगीजांचा जोर ओसरलेला, तिथल्या लोकांना धर्माची मोकळीक दिली, म्हणून तिकडे चर्च कमी. १८८७ मध्ये आगोंदला पाद्री बेंतो मार्तिन्स यांनी नवा मिशनरी संघ काढला, तो पिलार सोसायटी म्हणून ओळखला जातो.

तोपर्यंत मराठी मुलखात वेगळाच प्रकार चालू झालेला. विल्यम कॅरी या इंग्रज मिशनऱ्याने तिकडे बंगालात श्रीरामपूरला बसून १८११ ला मराठी नवा करार छापला, १८१३ ला अमेरिकन मिशनरी मुंबईत आले, आणि पुस्तकांची पिशवी घेऊन बाजारात, जत्रेत उभं राहायचं ही पद्धत तिथून रुळली. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक तर टाळ-चिपळ्या घेऊन ख्रिस्ती कीर्तन करायचे. गोव्यात हे फारसं आलंच नाही, कॅथलिक राज्य असल्यामुळे प्रॉटेस्टंटांना जागाच नव्हती. ते आले १९६१ नंतर, सीमा उघडल्यावर, आणि मग कर्नाटक, आंध्र, केरळातून कामाला आलेल्या लोकांबरोबर हॉलमधल्या, भाड्याच्या खोल्यांतल्या प्रार्थना सुरू झाल्या. स्टँडवरचा तो माणूस या लाटेतला.

त्यामुळे त्याला दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागतं. हिंदूला त्याच्यामागे इन्क्विझिशन दिसतं, ज्याच्याशी त्याच्या पंथाचा काडीचाही संबंध नाही. कॅथलिकाला वाटतं की आमच्या पूर्वजांनी एवढं सोसून धरलेला धर्म, सायबीण (मारिया मातेची मूर्ती), नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), फेस्त, हे सगळं मूर्तिपूजा आहे म्हणून हा कोण सांगणारा? कायद्याचं म्हणाल तर घटनेचं कलम २५ धर्माचा प्रचार करायचा हक्क देतं, आणि १९७७ च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. ही रेघ कोर्टात बरी दिसते, बस स्टँडवर पॅम्फलेट देताना नक्की कुठे ओढायची ते प्रत्येक जण आपापल्या सोयीने ठरवतो.

आणि हो, पिलारचे गोवेकर पाद्री अंदमानपर्यंत कामाला जातात, तिथे बाहेरचे तेच ठरतात. म्हापशात दार लोटणाऱ्या घरातला एखादा मुलगा अशा मिशनवर असेल तर मला तरी नवल वाटणार नाही.